डोळा परवडायला हवा

चष्म्याची काच पाण्यात बुडवली की तिची जवळजवळ दोन-तृतीयांश ताकद निघून जाते. काच तीच, तिचा बाकही तोच. पण प्रकाश हवेतून काचेत शिरताना जितका वाकतो तितका पाण्यातून काचेत शिरताना वाकत नाही. आपल्या डोळ्याचंही असंच होतं. माणसाच्या डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर, आणि त्यातली ४० च्या वर एकट्या कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची. पाण्याखाली डोळे उघडले की कॉर्नियाची ही ताकद जवळजवळ संपते, म्हणून सगळं धुरकट दिसतं. पोहण्याचा गॉगल दुसरं काही करत नाही, डोळ्यासमोर हवेचा थर परत आणून ठेवतो.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आमचं चष्म्याचं दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं, वडिलांनी वाढवलं, आता मी बसतो. दिवसभर माणसांचे डोळे समोर असतात. घर सीकेपी, त्यामुळे या शाकाहारी शहरातही मासळी कधी चुकली नाही, आणि ती विकत घेताना आधी डोळाच बघायचा हे आईनं शिकवलेलं. मासळीवाली मावशी आमच्याशी अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोलते. ‘डोळा जोई लो भाऊ, कालचा नाही,’ असं म्हणत ती कटल्याचं डोकं आमच्यापुढे वळवते. डोळा फुगीर, ओला, काळा हवा. आत गेलेला, दुधाळ झालेला डोळा म्हणजे मासा शिळा.

त्या डोळ्याच्या आत काय असतं हे ताटात सगळ्यांनी पाहिलेलं असतं: शिजलेल्या माशाच्या डोळ्यातून निघणारी साबुदाण्याएवढी पांढरी कडक गोळी. ती म्हणजे माशाचं भिंग. शिजल्यावर त्यातली प्रथिनं गोठतात म्हणून पांढरं दिसतं. कच्चं भिंग बघायचं तर मोठ्या माशाचा ताजा डोळा घ्यावा आणि पात्यानं कडेला अलगद चिरावा. आधी पाणी येतं, मग चिकट गर, आणि त्यातून निखळ पारदर्शक गोटी बाहेर घरंगळते. ती वर्तमानपत्रावर ठेवली की तिच्याखालचं अक्षर टपोरं होऊन वर येतं. नखानं सोलली तर बाहेरचे थर मऊ, त्यांचे पापुद्रे सुटत जातात. आत जावं तसा गाभा घट्ट होत जातो आणि शेवटचा कण नखाला दाद देत नाही. काच घासून पैसे मिळवणाऱ्या माणसाला ती गोटी हातातून खाली ठेववत नाही.

कारण तिच्यात एक अवघड प्रश्न सुटलेला आहे. पाण्यात कॉर्निया निकामी, म्हणजे सगळं काम एकट्या भिंगावर. ते पेलायचं तर भिंग जवळपास पूर्ण गोल हवं. पण साध्या काचेच्या गोल गोटीतून स्पष्ट प्रतिमा मिळत नाही. कडेनं जाणारे किरण आणि मधून जाणारे किरण वेगवेगळ्या ठिकाणी एकत्र येतात, आणि चित्र फासलं जातं. माशानं यावर काढलेला तोडगा म्हणजे भिंगाची घनता काठापासून गाभ्यापर्यंत हळूहळू वाढवत न्यायची. प्रकाश आत शिरल्यावरही वाकत राहतो आणि सगळे किरण एका जागी येतात. जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८५४ मध्ये अशा बदलत्या घनतेच्या गोल भिंगाचं गणित मांडलं, आणि त्या भिंगाला आजही ‘मॅक्सवेलचा मत्स्यनेत्र’ म्हणतात. पुढे लुडविग माथिसन या जर्मन अभ्यासकानं निरनिराळ्या माशांचे डोळे मोजले. भिंगाच्या मध्यापासून प्रतिमेचं अंतर जवळपास सगळीकडे भिंगाच्या त्रिज्येच्या अडीच पट निघालं. लहान डोळा असो वा मोठा, प्रमाण तेच.

जवळचं-लांबचं बघताना मासा भिंग फुगवत नाही, एका बारीक स्नायूनं अख्खं भिंग मागे-पुढे सरकवतो. ज्या कारणानं आपल्याला चाळिशी लागते, म्हणजे भिंग कडक होऊन वळेनासं होणं, ते कारण तिथे लागूच पडत नाही. माशाचा डोळा आणि मेंदू तो जगेल तोवर वाढत राहतात. रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या, कडेला नव्या पेशींची भर पडतच असते.

माझी भाची इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकते. हे सगळं मी तिला मोठ्या उत्साहानं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘मामा, एवढा चांगला डोळा करता येतो, तर मांगूरचा डोळा असा टाचणीच्या डोक्याएवढा का?’

तिच्या या प्रश्नानं माझं माशांकडे बघणं बदललं. तोवर मी डोळ्याकडे फक्त रचना म्हणून बघत होतो. तो ठेवायला काय पडतं हे कधी विचारलं नव्हतं.

बाजारात शेजारी शेजारी पडलेले मासे नीट बघा. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो. त्याचं तोंड वर वळलेलं, मिशा नाहीत आणि डोळे इतके मोठे की डोकं खालून बघितलं तरी दिसतात. मृगळ तळाशी चिखलात तोंड घालणारा, तोंड खाली, ओठाशी आखूड मिशांची एक जोडी. मांगूर तर गढुळाचाच रहिवासी. मिशांच्या चार जोड्या, आणि डोळे असून नसल्यासारखे. त्याच्या जातभाईंच्या, म्हणजे मार्जारमाशांच्या, अंगभर चवीच्या कळ्या असतात. मिशांवर असतात तशा पाठीवर आणि शेपटीवरही. सगळ्या कातडीनं चव घेत तो चालतो.

आता यांची डोकी उघडा. माशाच्या मेंदूत एकेक जाणीव वाचणारा भाग वेगळा उठून दिसतो. माणसाच्या मेंदूत घड्या पडून सगळं झाकलं गेलंय, माशात ते उघडं मांडलेलं आहे. डोळ्यानं शिकार करणाऱ्याच्या मेंदूत वरचे दोन दृष्टिखंड फुगलेले. तळाशी चरणाऱ्या कार्प माशांत मागे, घशाकडून येणारी चव वाचणारा खंड भलामोठा. तोंडात घेतलेल्या चिखलातून खाण्याचा कण वेगळा काढणं हे त्याचं काम. मार्जारमाशांत ओठ, मिशा आणि कातडी यांची चव वाचणारा खंड वाढलेला. मासा कुठल्या थरात राहतो आणि काय खातो हे त्याचा मेंदू बघून बऱ्यापैकी सांगता येतं. मला हे फार सुंदर वाटतं. पाणी बाहेर असतं, पण त्याचा आकार मेंदूवर उमटलेला असतो.

पण हे सगळं एकदम का वाढत नाही? डोळा मोठा, चव तल्लख, वास तीक्ष्ण, मेंदू सगळीकडून भरलेला, असा मासा का नाही? कारण मज्जापेशी महाग असतात. आपला मेंदू वजनानं शरीराच्या दोन टक्के, आणि आराम करतानाही शरीराच्या एकूण ऊर्जेतला साधारण पाचवा हिस्सा तो खातो. आफ्रिकेत पीटर्सचा हत्तीमासा नावाचा एक मासा आहे. गढूळ पाण्यात विजेच्या क्षीण लहरी सोडून, त्या कुठे अडतात यावरून तो आजूबाजूचं ओळखतो. हे वाचायला त्यानं इतका मोठा मेंदू बाळगलाय की शरीरानं घेतलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे ६० टक्के एकटा मेंदू वापरतो. माणसालाही हे प्रमाण झेपलं नसतं.

मोठ्या मेंदूची किंमत काय पडते हे प्रयोगातही पाहिलंय. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी गप्पी माशांत निवड केली. ज्यांचे मेंदू मोठे त्यांची पिल्लं एका बाजूला, लहान मेंदूवाल्यांची दुसऱ्या बाजूला. दोनच पिढ्यांत दोन्ही गटांच्या मेंदूंत सुमारे नऊ टक्क्यांचा फरक पडला. मोठ्या मेंदूच्या माद्या दोन चिन्हं आणि चार चिन्हं यांतला फरक शिकण्यात सरस ठरल्या. पण त्यांची आतडी लहान झाली आणि पिल्लंही कमी झाली. एकीकडे घातलेलं दुसरीकडून काढावं लागलं. पुढे शिकारी मासा सोडलेल्या पाण्यात मोठ्या मेंदूच्या माद्या जास्त तगल्या, म्हणजे ती किंमत वाया गेली नाही. फक्त शिकारी नसेल तर ती कशासाठी मोजायची, हा प्रश्न उरतो.

डोळ्याचा हिशेब सगळ्यांत स्वच्छ दिसतो तो मेक्सिकोतल्या गुहांमध्ये. तिथल्या नद्यांत बोटाएवढा एक चंदेरी मासा आहे, शास्त्रीय नाव अस्त्यानॅक्स मेक्सिकानस. नदीत राहणाऱ्याला ठसठशीत डोळे. त्याच जातीचे मासे कधीकाळी चुनखडीच्या गुहांतल्या काळोखात शिरले आणि तिथेच राहिले. त्यांचे वंशज फिके गुलाबी आणि बिनडोळ्यांचे. शास्त्राला ते १९३६ मध्ये कळले, आणि तेव्हा इतके वेगळे वाटले की त्यांना वेगळ्या प्रजातीत घातलं. पण नदीतल्या माशाशी त्यांची जोडी जमते, पिल्लंही होतात. जात एकच आहे.

या माशाच्या पिल्लात आधी डोळा तयार होऊ लागतो. अंड्यातल्या गर्भाला भिंग येतं, रेटिना येते. मग भिंगाच्या पेशी मरायला लागतात आणि त्यांच्यामागे सगळा डोळा खचत जाऊन कातडीखाली बुजतो. २००० मध्ये योशियुकी यामामोटो आणि विल्यम जेफरी यांनी नदीतल्या माशाच्या गर्भाचं भिंग काढून गुहेतल्या माशाच्या गर्भात बसवलं, फक्त एका बाजूला. त्या बाजूला मोठा, नीट बनलेला डोळा आला. दुसरी बाजू आंधळीच राहिली. उलट, नदीतल्या माशात गुहेतलं भिंग बसवलं तेव्हा त्याचा डोळा खचला. एवढ्याशा गोटीवर अख्खा डोळा अवलंबून असतो, हे वाचून मी त्या दिवशी दुकानात बराच वेळ गप्प बसून होतो.

काळोखात डोळा निरुपयोगी, म्हणून तो गेला, असं आपण सहज म्हणून जातो. पण निरुपयोगी गोष्ट पडून राहू शकते, ती जाईलच असं नाही. त्यामुळे मला यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. रेटिनातल्या प्रकाशपेशी अंधारात विश्रांती घेत नाहीत. उजेड नसताना त्यांच्यात सतत विद्युतप्रवाह चालू असतो, आणि प्रकाश पडला की तो कमी होतो. म्हणजे काळोखातच त्या जास्त ऊर्जा जाळतात. गुहेत राहून डोळा बाळगणं म्हणजे काहीही न बघता चोवीस तास भरपूर खर्च करणं. २०१५ मध्ये याच माशांवर मोजमाप झालं. एक ग्रॅम वजनाच्या पिल्लात डोळे आणि त्यांच्यासाठी लागणारा मेंदूचा भाग मिळून आरामातल्या ऊर्जेचा सुमारे १५ टक्के हिस्सा घेतात. मासा साडेआठ ग्रॅमचा झाला की हा हिस्सा पाच टक्क्यांवर येतो. वटवाघळांची विष्ठा आणि पुराबरोबर वाहून आलेला काडीकचरा यांवर जिथे जगायचं, तिथे लहानपणीच १५ टक्के द्यायला कोणाकडे असणार?

जनुकांतही त्याची खूण सापडते. २००७ मधल्या एका अभ्यासात डोळ्याच्या आकाराशी निगडित असलेल्या जनुकांच्या जागा तपासल्या, तर गुहेतून आलेला प्रत्येक बदल डोळा लहानच करणारा निघाला. एकही उलट्या दिशेचा नाही. रंगाच्या बाबतीत मात्र काही बदल रंग कमी करणारे, काही वाढवणारे. म्हणजे रंग बहुधा दुर्लक्षानं गेला, पण डोळा काढून टाकला गेला. या दोन गोष्टींतला फरक मला फार मोठा वाटतो. शिवाय गर्भाच्या मधल्या रेषेवर काम करणारं एक जनुक या माशांत जास्त जागेत चालू असतं. त्यामुळे डोळा लहान होतो आणि चवीच्या कळ्या वाढतात. एक गेलं आणि एक आलं, दोन्ही एकाच धाग्यानं. कातडीवर पाण्याची हालचाल टिपणारे ठिपकेही त्यांच्यात जास्त आहेत. अंधारात पाण्यात काही थरथरलं की नदीतला मासा बिचकतो, गुहेतला त्याकडे धावतो.

आणि एक गोष्ट मी दुकानात आलेल्या प्रत्येक जिज्ञासू गिऱ्हाइकाला सांगतो. या गुहा अनेक आहेत, आणि वेगवेगळ्या गुहांत डोळे स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या जनुकांत बिघाड होऊन गेले आहेत. २००८ मध्ये रिचर्ड बोरोव्स्की यांनी दूरदूरच्या दोन गुहांतल्या आंधळ्या माशांची जोडी लावली. आई आंधळी, बाप आंधळा, मागच्या कित्येक पिढ्या आंधळ्या, आणि त्यांच्या काही पिल्लांना दिसू लागलं. आईकडे जे मोडलं होतं ते बापाकडे शाबूत होतं, बापाकडे मोडलेलं आईकडे.

आपल्याकडेही काळोखातले मासे आहेत. केरळात कोट्टयमच्या एका विहिरीतून मिळालेल्या आंधळ्या मार्जारमाशाला १९५० मध्ये होराग्लॅनिस कृष्णाई हे नाव मिळालं. बोटाच्या पेराएवढा तो मासा जांभ्या दगडाखालच्या पाण्यात राहतो. आणि मेघालयातल्या उम लाडॉ गुहेत २०१९ मध्ये जगासमोर आलेला मासा तर हातभर लांब, महसीरचा जवळचा नातेवाईक, भूगर्भातल्या आजवर माहीत असलेल्या माशांत सर्वांत मोठा. २०२३ मध्ये त्याचं नाव ठरलं, निओलिसोकायलस प्नार. हिमालयाच्या नद्यांत ज्याचे सोनेरी भाऊबंद उड्या घेतात, त्याच कुळातला एक मासा जमिनीखाली फिका पडून, डोळे गमावून फिरतो आहे, ही कल्पनाच मला अस्वस्थ करते.

उलट टोकाला खोल समुद्र. एक हजार मीटरखाली सूर्य पोचत नाही, पण तिथले प्राणी स्वतःच उजेड पाडतात, म्हणून डोळ्याला काम उरतं. सिल्व्हर स्पायनीफिन नावाच्या खोल समुद्रातल्या एका माशात अंधुक उजेडासाठीची ३८ वेगवेगळी प्रकाशजनुकं सापडली, २०१९ मध्ये. माणसात अशा कामाचं एकच आहे. काळोख दोन्हीकडे, गुहेत आणि समुद्रात. फरक इतकाच की समुद्रात बघण्यासारखं काहीतरी आहे.

आपला बोंबीलही मला या संदर्भात आठवतो. त्याचे बरेचसे दूरचे नातेवाईक खोल समुद्रातले. हा मात्र गुजरात-मुंबईच्या गढूळ किनाऱ्याला आला, आणि त्याचे डोळे बारीकच राहिले. खंभातच्या आखातात पाणी नेहमी मातीनं भरलेलं असतं, तिथे डोळ्यावर किती विसंबणार?

इथे मला आमच्या नदीबद्दल बोलायला हवं. विश्वामित्री पावागडाला उगवते, वडोदरा शहराच्या मधून वळणं घेत जाते, पुढे ढाढरला मिळते आणि खंभातच्या आखाताकडे निघून जाते. शहरात ती नदी म्हणून उरली आहे ती मुख्यतः मगरींमुळे. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी रस्त्यांवर आल्या तेव्हा देशभर तिचं नाव झालं. एरवी पुलावरून जाताना लोक नाक धरतात. सांडपाणी, माती, साठलेला काळा थर. मगरीबद्दल सगळे बोलतात, पण तिच्याखाली पाण्यात कोण काय बघतं याबद्दल मी कोणाला बोलताना ऐकलं नाही.

पाणी गढूळ होणं म्हणजे नुसतं घाण होणं नाही, तिथला उजेडच बदलतो. स्वच्छ समुद्रात लाल रंग पहिल्या काही मीटरांत शोषला जातो आणि निळा खोलवर जातो. माती आणि सडलेल्या पानांनी भरलेल्या नदीत उलटं होतं. निळा आधी मरतो, लालसर-तपकिरी तेवढा थोडा खाली उतरतो. काही मासे याला आयुष्यातच जुळवून घेतात. समुद्रातून नदीत शिरणारे सामन मासे रेटिनातल्या रंगद्रव्यात एका प्रकारच्या अ जीवनसत्त्वाऐवजी दुसरा प्रकार बसवतात, आणि त्यांची नजर लालाकडे सरकते. ईल माशांचे डोळे नदी सोडून समुद्राकडे निघण्याआधी वाढतात. म्हणजे बदल पिढ्यांनंतरच येतो असं नाही. अमेरिकेत सामनच्या अंड्यांतून निघालेली पिल्लं नुसत्या टाकीत वाढवली आणि काही टाक्यांत फक्त दगड टाकले, तर दगडांच्या टाकीतल्या पिल्लांचा लहान मेंदू, तोल आणि हालचाल सांभाळणारा भाग, मोठा निघाला. चार दगडांनी एवढं होतं.

पण सगळ्यांनाच जुळवता येत नाही. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात सिक्लिड माशांच्या शेकडो जाती आहेत. काहींचे नर लाल, काहींचे निळे. गढूळ नदीसारखंच इथेही खोल पाण्यात लाल प्रकाश जास्त पोचतो, तिथे राहणाऱ्यांचे डोळे लालाला जास्त संवेदनशील, उथळातल्यांचे निळ्याला. मादी आपल्या जातीचा नर रंगावरून ओळखते. किनाऱ्यावरून सांडपाणी आणि शेतातलं खत येत गेलं, पाणी गढूळलं आणि रंग दिसेनासे झाले. ओले सीहाउझन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की जिथे पाणी गढूळ, तिथे नरांचे रंग मंद आणि जाती कमी. माद्यांना फरक दिसेना, जाती एकमेकींत मिसळत गेल्या. कोणी मासा मारला नाही, कोणी जाळं टाकलं नाही. नुसतं पाणी गढूळ झालं आणि हजारो वर्षांत वेगळे झालेले मासे पुन्हा एकात विरघळायला लागले.

म्हणून ‘नदीत अजून मासे आहेत की’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. आहेत, पण कोणते? ज्यांना डोळ्याची गरज नाही, जे हवा गिळून श्वास घेतात, जे चवीवर जगतात, ते राहतात. वरच्या थरात बघून खाणारा, रंगावरून जोडी शोधणारा मासा आधी जातो, आणि तो गेला हे कोणाच्या लक्षातही येत नाही. नदी स्वच्छ करताना आपण ऑक्सिजन मोजतो, जंतू मोजतो. पाण्यात उजेड कुठवर उतरतो हे मोजायला दोरीला बांधलेली एक पांढरी-काळी तबकडी पुरते. ती पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. शहरातल्या प्रत्येक पुलावरून दर महिन्याला हे करता येईल. करायला हवं.

ढाढर जिथे आखाताला मिळते तिथल्या चिखलात निवट्या असतात, कोकणात खातात त्याच. ओहोटीला पाण्याबाहेर येऊन चिखलावर परांच्या जोरावर सरकणारा हा मासा. त्याचे डोळे डोक्याच्या वर, बाहेर आलेले, आणि मधूनमधून तो ते खाली खोबणीत ओढून घेतो. डोळे ओले करतो, पुसतो. पापणी नसलेल्या कुळात त्यानं मिचकावणं स्वतःहून शोधलं. २०२३ मध्ये त्यावर सविस्तर काम झालं. हवेत बघायचं तर डोळा ओला ठेवावाच लागतो, जमिनीवर आलेल्या आपल्या पूर्वजांनाही हेच करावं लागलं असणार.

त्या पूर्वजांबद्दल २०१७ मध्ये एक गोष्ट कळली, ती मला सगळ्यांत थोर वाटते. माल्कम मॅकआयव्हर, लार्स श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीवाश्मांच्या डोळ्यांच्या खोबणी मोजल्या. पाय येण्याआधी, मासे पाण्यातच असताना, त्यांचे डोळे जवळजवळ तिपटीनं मोठे झाले आणि डोक्यावर सरकले. पाण्याखाली एवढ्या मोठ्या डोळ्याचा फारसा उपयोग नाही, पाणी काही अंतरापलीकडे दिसूच देत नाही. पण तोच डोळा पाण्याच्या वर काढला तर नजरेत येणारी जागा लाखो पटींनी वाढते. किनाऱ्यावर किडे चालत होते. मासे त्यांना आधी बघत होते, त्यांच्यापर्यंत जाण्याचे पाय नंतर आले. आणि लांबचं दिसू लागल्यावर, आत्ता झडप घालायची की थांबून बेत करायचा, याचा विचार करू शकणाऱ्या मेंदूला काम मिळालं, असं त्यांचं म्हणणं. हे दुसरं म्हणणं सिद्ध व्हायचं आहे, पण मला ते पटतं.

भाचीनं आता या सगळ्यातून स्वतःसाठी एक प्रश्न काढलाय. अजवा, म्हणजे महाराजा सयाजीरावांनी बांधवलेलं सयाजी सरोवर, आणि शहरातली विश्वामित्री. दोन पाणी, एक बरंच नितळ, एक कायम गढूळ. तिलापिया दोन्हीकडे आहे. त्यांच्या डोळ्यांत फरक पडलाय का? तिच्या मॅडमनी लगेच विचारलं की पडला असेल तर तो त्या पाण्यात वाढल्यामुळे की पिढ्यांतून उतरलेला, हे कसं ओळखणार? उत्तर ती स्वतःच घेऊन आली. दोन्हीकडची पिल्लं एकाच पाण्यात, एकाच उजेडात, एकाच खाण्यावर वाढवायची. त्यासाठी वाड्याच्या मागच्या पडवीत दोन टाक्या मांडून झाल्या आहेत. नदीत उतरायचं नाही हे मी तिला बजावलंय, मगरी आहेत. मासे पकडणाऱ्यांकडूनच घ्यायचे.

माझ्या बाजूनं मी तिला इतकंच सांगितलं की नुसता डोळ्याचा व्यास घेऊन उपयोग नाही. लहान माशाचा डोळा अंगाच्या मानानं मोठाच असतो, तेव्हा प्रत्येक माशाची लांबी आधी लिहायची, मग डोळा, मग बाहुली वेगळी, कारण उजेड शिरतो तो बाहुलीतून. दोन्ही बाजूंचे डोळे मोजायचे. एकच मासा दोघांनी वेगवेगळा मोजायचा आणि आकडे एकमेकांना दाखवायचे नाहीत. दुकानातलं जुनं व्हर्नियर मी साफ करून, तपासून तिला दिलंय. ते मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत बरोबर आहे.